वाजवता येणाऱ्या मांडणशिल्पावर वादक बोलवायचे आहेत

घंगाळवाली:
पुण्यात आम्ही जुनी तांब्याची भांडी, म्हणजे पराती, हंडे, घंगाळी, लोखंडी सांगाड्याला टांगून मांडणशिल्प उभं केलंय. कुणीही यावं, वाजवावं. शेवटच्या दोन संध्याकाळी वादकांचा कार्यक्रम करायचाय. दोन तबलजींना विचारलं, दोघांचा पहिला प्रश्न एकच: "पट्टी कुठली?" पट्टी कुठलीच नाही! भांडी सुरात लावून घ्यावीत का? आणि बोलवावं कुणाला?

सम_विषम:
वादक हवेतच कशाला? डेव्हिड बर्न या संगीतकाराने २००५ मध्ये स्टॉकहोमला आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कला जुनी इमारतच एका ऑर्गनला जोडली होती. ऑर्गनची कळ दाबली की कुठे खांबावर ठोका पडे, कुठे नळातून हवा घुमे. वाजवायचं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी. तिथे लहान पोर आणि कसलेला वादक सारखेच नवखे.

बायूकाठचा:
बर्नच्या इमारतीला ते शोभलं, पण तुम्ही वादक बोलवाच. मी न्यू ऑर्लिन्सला राहतो. इथे २०११ मध्ये काही कलाकारांनी कोसळलेल्या जुन्या घराच्या लाकडातून छोटी घरं बांधली, प्रत्येक घर म्हणजे एक वाद्य. त्यातूनच २०१६ मध्ये 'म्युझिक बॉक्स व्हिलेज' उभं राहिलं. एरवी पोरंटोरं मनसोक्त वाजवतात, कार्यक्रमाला मुरलेले वादक येतात. त्याच लाकडातून ते काय काय काढतात, ते ऐकल्यावर पोरांचे हातही वेगळे पडायला लागतात. म्हणून माझा एवढा आग्रह.

भांडी सुरात लावू नका. जलतरंगच हवं असतं तर तुम्ही वाट्या मांडल्या असत्या. कुठल्या परातीला किती आस आहे, म्हणजे तिचा नाद किती वेळ टिकतो, हे वादकालाच शोधू दे. कार्यक्रमाआधी प्रत्येकाला भांड्यांपाशी एकटं सोडा आणि त्या तालमीचेही पैसे द्या. अट एकच घाला: आपलं वाद्य घरी ठेवून या. तबला आला की तुमच्या पराती नुसती सजावट होतील.

अख्खं ढोल-ताशा पथक नको, बारीक आवाज बुडतील. एखादा ताशावाला किंवा संबळवाला मात्र जरूर बोलवा, त्यांना काडीचा हात असतो. सगळे विखुरलेले असतील तर मध्ये उभं राहून हातांनी खुणा करणारा एकजण लागेल. आणि पट्टी विचारणाऱ्या तबलजींना म्हणा, "तुम्हीच येऊन सांगा."

घंगाळवाली:
संबळवाले एक काका ओळखीचे आहेत, उद्याच फोन करते. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षक वाजवायला आले तर?

बायूकाठचा:
शेवटची पंधरा मिनिटं त्यांनाच द्या. फक्त मोठ्या घंगाळ्यापाशी काकांना उभं करा, म्हणजे ठेका सुटणार नाही.