वस्तीतली मुलं एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) गळतात, एक्सेलमध्ये नेमकं काय ठेवायचं?

पाटीपेन्सिल: मुंबईतल्या ६० मुलांची शीट आहे, ४० रकाने. तरी मूल कॉलेज सोडतंय हे उशिराच कळतं. काय काढू, काय ठेवू?

एक्सेलवाली: एकूण हजेरी फसवते. ५० पैकी ४५ तास बसलेला मुलगा पुढचे सलग १० बुडवतो, तरी शीट ७५ टक्केच दाखवते. शेवटच्या १० तासांची हजेरी वेगळी मोजा, ५ च्या खाली गेली की त्याच दिवशी फोन. शिवाय केटीचे (नापास होऊन राहिलेले) विषय, थकलेली फी. बाकी बहुतेक शोभेचं. आणि नावावरून याद्या जोडू नका. आडनाव पुढेमागे झालं की एकाच मुलीच्या दोन ओळी होतात. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, वापरा.

खिडकी३: महाडीबीटीला (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) एकच रकाना पुरत नाही. अर्ज मंजूर, पण बँक खात्याला आधार सीडिंग (जोडणी) नाही, म्हणून हप्ता अडकतो. ‘मंजूर’ आणि ‘खात्यात जमा’ वेगळे ठेवा. नूतनीकरण दरवर्षी, तेही विसरतात.

पाटीपेन्सिल: फोन कोणी करायचा?

एक्सेलवाली: प्रत्येक ओळीसमोर एकाच ताईचं किंवा दादाचं नाव. ‘टीम’ लिहिलंत की कोणीच करत नाही.