मदत हवी आहे: आईच्या वहीतला मसाला – ‘४ आण्याच्या लवंगा’ म्हणजे किती?

मंडळी, गेल्या मार्गशीर्षात आई गेली. नव्वदीला काही महिने कमी होते. मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’समोर मी ‘घरकाम’ लिहिलं आणि घरी आलो. पुढे कपाट आवरताना तिच्या हिशोबाच्या वह्या निघाल्या. सगळ्यात जुनी १९५४ सालची, ती लग्न होऊन कराडला आली त्या वर्षीची. मराठी चौथी शिकलेली बाई, पण अक्षर असं की आम्हा चौघांपैकी कुणाचंच तसं नाही.

वहीत सगळं आहे. दूध, रॉकेल, भिशी, कुणाच्या बारशाला किती दिले. ११ डिसेंबर १९६७च्या पानावर, कोयनेच्या भूकंपाच्या दिवशी, एवढंच: ‘पहाटे भूकंप. बरणी फुटली, लोणचं गेलं. मुलं ठीक.’ आमचा नंबर लोणच्यानंतर! मी तेव्हा नऊ वर्षांचा. तिनं आम्हाला गोधडीसकट ओढत अंगणात आणलं होतं आणि उजाडेपर्यंत घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

तर मुद्दा. पहिल्याच वहीत तिच्या काळ्या मसाल्याचं पान आहे (गोडा मसाला म्हणतात तोच, आमच्याकडे काळाच म्हणतात). वर्षश्राद्धाला सगळी नातवंडं येणार आहेत. प्रत्येकाला त्या पानाची झेरॉक्स आणि पाव किलो मसाला द्यायचा असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. पान जसंच्या तसं देतो:

‘धणे २ शेर. खोबऱ्याच्या वाट्या ३. तीळ १ चिपटं. जिरं त्याच्या निम्मं. लवंगा ४ आण्याच्या. मिरी तेवढीच. दालचिनी २ आण्याची. दगडफूल ओंजळभर. बाद्या-- (पुढे तेलाचा डाग) ५-६. शेवटी नेहमीचं.’

अडचणी अशा:

शेर म्हणजे वजनाचा की मापाचा? पुतणीनं गूगल करून ९३३ ग्रॅम सांगितलं. (तिनंच आधी खोबऱ्याच्या वाट्या म्हणजे स्टीलच्या वाट्या धरल्या होत्या, त्यामुळे मला जरा शंका.) चार आण्याच्या लवंगा हल्ली किती ग्रॅम धरायच्या? डागाखाली काय असेल? आणि ‘नेहमीचं’ म्हणजे काय? हे आम्हा चौघांनाही माहीत नाही. पन्नास वर्षं खाल्लं, एकदाही शेजारी बसून पाहिलं नाही.

प्रतिसाद १
डागाखाली ‘बाद्यान’ आहे, डोळे झाकून सांगते. आता दुकानात चक्रफूल म्हणून मागा. शेर मात्र मापाचाच. धणे, तीळ, डाळी घरात मापानंच घ्यायचे: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धणे हलके, ९३३ ग्रॅमनं धराल तर मसाला नुसता धण्याचा होईल. घरात जुनं मापटं असेल तर भरून काट्यावर ठेवा, वाद मिटेल.

प्रतिसाद २
काका, माझ्या आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. आण्याचं गिऱ्हाईक आलं की तराजू कोण काढतंय, चिमटीनं पुडी बांधायची. त्यामुळे त्या काळच्या भावाचा तक्ता शोधून उपयोग नाही. पण तुमच्याकडे हिशोबाची वही आहे ना? त्यातच कुठे तरी लवंग तोळ्यानं घेतल्याची नोंद सापडेल. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आणि पान कधीचं आहे ते नीट बघा. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तरी लोक आणेच बोलत राहिले. पंचवीस पैशाला ‘चार आणे’ तर आमच्या पिढीनंही म्हटलं.

प्रतिसाद ३
मसाल्याचं सोडा, बाकीची वही स्कॅन करून ठेवा आधी. पेन्सिलीचं लिखाण उडतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. स्कॅनचं काम भाच्याकडे दिलंय.

माळ्यावर पितळी मापटं सापडलं. बूड चेपलेलं आहे, पण काठ शाबूत. धणे भरले तर बहिणीचा आणि माझा वाद: सपाट की शिगेचं? आई शेजारी कुणाला उसनं द्यायची ते शीग लावून, घरातलं घ्यायची ते तळहातानं काठ पुसून. म्हणून पुसूनच घेतलं. वाण्याच्या काट्यावर मापटं भरून धणे १८० ग्रॅम. म्हणजे दोन शेर झाले ७२०. पुतणीच्या हिशोबानं पावणेदोन किलोच्या वर गेलो असतो.

लवंगही सापडली! मसाल्याच्या पानाच्या आधी, त्याच महिन्यात: ‘लवंग १ तोळा ३ आणे.’ आणि ‘न. पै.’ हे पहिल्यांदा दिसतं ते त्याच्या बरंच पुढे, तेव्हा पान आण्यांच्या काळातलंच. चार आण्याच्या म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम. मिरीचा भाव काही मिळाला नाही. ‘तेवढीच’ म्हणजे पैशानं तेवढी की डोळ्यानं, कोण जाणे. आम्ही डोळ्यानं धरली.

परवा थोडा करून पाहिला. तेलावर एकेक जिन्नस भाजताना बहिणीनं खोबरं जरा जास्तच काळं केलं आणि मग म्हणाली, नाही रे, हे असंच असायचं. आमटीत घातला. थोरला भाऊ दोनदा वाढून घेऊन म्हणाला, लवंग जास्त झाली. म्हणजे जमलंय बहुतेक, आईलाही तो दर खेपेला हेच ऐकवायचा.

राहिलं ‘नेहमीचं’. शेवटी मावशीला फोन केला. ती ८४ वर्षांची, ऐकू कमी येतं, त्यामुळे तीनदा ओरडून विचारलं. म्हणाली, “अरे, हिंगाचा खडा! बरणीच्या तळाशी टाकायचा, म्हणजे पोरकिडे होत नाहीत. यात लिहायचं काय? आणि दोन महिने कंप्युटरवर विचारत बसलास, मला आधी फोन करायला काय झालं होतं?”

खडा हिंग आणलाय. पुड्या रविवारी भरणार. पाकिटात भरताना खडा प्रत्येक पुडीत वेगळा टाकायचा का, एवढं कुणी सांगेल का? मावशीला पुन्हा फोन करायची हिंमत नाही.