मदत हवी आहे : गाडीत पोराला बसवायचं कसं? कार सीट कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, पोरगं पावणेदोन वर्षांचं आहे, वजन साडेदहा किलो. महिन्यातून एकदा तरी पुण्याला जाणं होतंच आणि आजवर तो आईच्या मांडीवरच बसायचा, गेल्या रविवारी मोहोळच्या अलीकडं अचानक म्हैस आडवी आली, ह्यांनी करकचून ब्रेक मारला आणि पोराचं डोकं जाऊन पुढच्या सीटवर आदळलं. टेंगळावर निभावलं बघा, पण तेव्हापासून माझी झोप उडालीय.

मोटार वाहन कायदा वाचला तर कलम १९४ ब मध्ये स्पष्ट आहे, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड, आणि मोठ्यांना मागच्या सीटवर पण बेल्ट लावायचा असतो. आमच्याकडं मागचे बेल्ट सीटखाली गेलेत, कव्हर घातल्यापासून कुणी बाहेरच काढले नाहीत!

आता प्रश्न असा की गाडी जुनी आहे, आयसोफिक्सचे हुक (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे) नाहीत, तर बेल्टनं बांधायची सीट घट्ट बसते का ओ? आणि ह्या वयात तोंड मागं करूनच बसवायचं का? पुढं एअरबॅग असते म्हणून तशी सीट पुढं लावायची नाही एवढं माहितीय. सोलापुरात प्रत्यक्ष बघून घेता येईल असं दुकान कुठंय?

सासूबाई म्हणतात मांडीवरच बरं, रडेल तो. त्यांना कसं पटवलं तेही सांगा कुणीतरी.