मदत हवी आहे: सायकलचं हेल्मेट, कपाळ दुखू नये आणि दिसायलाही बरं असावं (सोलापूर)

हिप्परगा_पहाटे
हेल्मेट सुचवा. रविवारच्या आत घ्यायचंय. आत्ताचं घातलं की अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. वर आरशात बघवत नाही, नुसती कुत्र्याची छत्री. उन्हातही चालायला हवं, सोलापूरचं ऊन काय ते वेगळं सांगायला नको. "कुठलंही घ्या, सगळी सारखीच" असं कृपया लिहू नका. दोन-तीन मॉडेलची नावं दिलीत तरी पुरे.

मोजपट्टी
नावं नंतर. डोक्याचा घेर किती सेंमी? आत्ताच्या हेल्मेटच्या आत स्टिकर असेल, त्यावर साइज काय आहे? दुखतं ते कपाळाच्या मधोमध, की कानशिलांपाशी? मागचा नॉब किती आवळावा लागतो? सायकल रोड, एमटीबी (डोंगरवाटांची) की हायब्रिड (दोन्हींच्या मधली)?

भाकरी_कडक
मिप्सवालं घ्या आणि विषय संपवा. डोक्याच्या बाबतीत काटकसर नको.

हिप्परगा_पहाटे
हायब्रिड आहे. हेल्मेट एल साइजचं. घेर मोजलेला नाही, पण डोकं मोठंच आहे. मिप्स ही कंपनी आहे का?

भाकरी_कडक
कंपनीही आहे, स्वीडनची, पण हेल्मेट विकत नाही. तिचं तंत्र बाकीचे हेल्मेटवाले आपल्या मॉडेलमध्ये बसवतात. आत पातळ, बहुतेक वेळा पिवळा, प्लॅस्टिकचा जाळीसारखा थर असतो. डोकं तिरकं आपटलं की हा थर कवचाच्या आत १० ते १५ मिमी सरकतो, त्यामुळे मेंदूला बसणारा पीळ कमी होतो. सायकलवरून पडताना माणूस सरळ खाली पडत नाही, पुढे घसरत पडतो. म्हणून तिरक्या आघाताला महत्त्व.

शून्य_गियर
काय बे, मिप्स मिप्स लावलायस. त्याला दुखायलंय कपाळ, तू सांगायलास मेंदूचा पीळ. साइज चुकली असंल तर मिप्सवालं बी दुखणारच की.

सातरस्ता
एवढी चर्चा कशाला? बाजारात आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या. सायकलवाल्या थर्माकोलच्या टोपल्यांवर माझा विश्वास नाही. बाइकचं हेल्मेट म्हणजे पक्कं काम.

मोजपट्टी
@सातरस्ता, दुचाकीच्या हेल्मेटचा आयएसआय मार्क आयएस ४१५१ या मानकाचा. ते मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या मार्कशिवाय विकता येत नाही तेही खरं, पण सायकलचं हेल्मेट त्यात येत नाही. त्यावर हा मार्क दिसला नाही म्हणजे ते नकली, असं नव्हे.

सायकलच्या हेल्मेटवर बघायची दोन मानकं. युरोपचं ईएन १०७८: आत नकली डोकं बसवून हेल्मेट साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर पाडतात. अमेरिकेचं सीपीएससी, म्हणजे तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाचं मानक: तिथे उंची २ मीटर. १९९९ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल-हेल्मेटला हे बंधनकारक आहे. दोन्हींपैकी एक असलं तरी चालेल, दोन्ही असली तर उत्तम.

आणि थर्माकोलला हसू नका. काम तोच करतो. आपटल्यावर तो दाबला जातो, चिरतो, आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. वरचं प्लॅस्टिक त्याला धरून ठेवतं आणि रस्त्यावर अडकू न देता घसरू देतं. बाइकच्या हेल्मेटातही आत थर्माकोलच असतो, फक्त जास्त वेगाच्या हिशेबाने घट्ट केलेला.

सातरस्ता
मग जास्त वेगाचं ते जास्त सुरक्षित. माझं म्हणणं तेच झालं.

चक्रधर_सो
तसं होत नाही. बाइकचं फुल-फेस किलोच्या वर जातं, सायकलचं २५० ते ३५० ग्रॅममध्ये बसतं. सायकलवर पुढे वाकून मान वर धरावी लागते, तासाभरात मान भरून येते. दुसरं म्हणजे सायकलवर इंजिन तुम्हीच. मे महिन्यात ४२ अंशांत बंद हेल्मेट घालून पायडल मारायचं तर उष्माघाताची सोय आधी करा. कान झाकले गेल्याने मागून येणारा ट्रक उशिरा कळतो, ते वेगळंच. तुळजापूर रोडला ते परवडणारं नाही.

दिवाबत्ती
माझ्या मते हेल्मेटपेक्षा मागचा लाल दिवा महत्त्वाचा. पहाटे जाता ना? मागे लुकलुकणारा लाल, पुढे पांढरा, आणि चाकाच्या स्पोकांना रिफ्लेक्टर. टायरमध्ये हवाही बघा. हायब्रिडच्या टायरला कडेवर किमान-कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या मधोमध ठेवा.

हिप्परगा_पहाटे
दिवे आहेत. हवा आहे. प्रश्न हेल्मेटचा आहे.

मोजपट्टी
घेर मोजून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या दोन सेंमी वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो त्यावरून फिरवा. टेप मागे घसरू देऊ नका. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. टेप नसली तर सुतळी फिरवून पट्टीवर मोजा. केस जसे असतात तसेच ठेवा, तेल चोपडून चप्प बसवू नका.

हिप्परगा_पहाटे
५६ आले. तिन्ही वेळा. हेल्मेटवर ५८-६२ लिहिलंय. नॉब शेवटपर्यंत आवळतो, तरी थोडं हलतं. दुखतं ते मधोमध, आडवी लाल रेघ उमटते.

मोजपट्टी
मग नवीन मॉडेल शोधण्याआधी उत्तर सापडलं. तुम्हाला एम साइज हवी. कंपनीप्रमाणे ती ५४-५८ किंवा ५५-५९ अशी असते.

कारण असं: नॉब फिरवला की कवच लहान होत नाही, फक्त आतला प्लॅस्टिकचा पट्टा आवळला जातो. साइज बरोबर असेल तर डोकं सगळीकडून आतल्या गाद्यांना टेकतं आणि पट्ट्याने फक्त शेवटचा सैलपणा काढायचा असतो. तुमच्याकडे दोन ते सहा सेंमीचा फरक तो पट्टा एकटा भरून काढतोय. सगळा दाब कपाळावरच्या बोटभर रुंदीच्या प्लॅस्टिकवर. म्हणून ती रेघ. छत्रीचंही तेच: कवच कानशिलांपासून लांब उभं राहतं, म्हणून डोकं रुंद दिसतं. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

शून्य_गियर
बघ बे भाकरी. साइज.

भाकरी_कडक
साइज हवीच, ते मी नाकारलंच नव्हतं. एममध्ये मिप्स घ्या, एवढंच म्हणतोय. ईएन १०७८ आणि सीपीएससी दोन्हींत तिरक्या आघाताची चाचणीच नाही, हे मोजपट्टींनी सांगितलं नाही.

मोजपट्टी
मान्य, नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची तारांकन-यादी बघता येते. २०१८ पासून ते सायकल-हेल्मेट तिरक्या ऐरणीवर आपटून तारे देतात, यादी सगळ्यांना खुली आहे. त्यात स्वस्त हेल्मेटनाही चांगले तारे मिळालेले दिसतात आणि महागड्यांना कमी. मिप्स नसलेली पण चांगले तारे असलेली आहेत. पैसे असतील तर मिप्स घ्या, वाईट काहीच नाही. पण न बसणारं मिप्स आणि नीट बसणारं साधं यांत साधं घ्यावं. आणि एक: जुन्या पद्धतीच्या मिप्समध्ये तो पिवळा थर काही छिद्रं अर्धी झाकतो. घेताना हेल्मेट उजेडाकडे धरून आरपार बघा.

अंबाडा
साइज बरोबर असूनही दुखू शकतं, आकारामुळे. डोकी दोन तऱ्हेची, लांबट आणि गोल. कपाळ आणि मागे दाब, पण कानशिलांपाशी बोट जाईल एवढी पोकळी: डोकं लांबट, हेल्मेट गोल. कानशिलं दाबली जातात आणि कपाळापुढे पोकळी: उलटं. आपल्याकडे दुसरा प्रकार बराच दिसतो, कारण बाहेरच्या बऱ्याच कंपन्यांचे साचे लांबट. काही जण "एशियन फिट" वेगळं काढतात, ते रुंद असतं. दुकानात घातलं की दहा मिनिटं डोक्यावरून उतरवू नका, तसंच फिरत राहा. पहिल्या मिनिटात सगळीच बरी वाटतात.

वेणी किंवा अंबाडा असेल तर मागच्या पट्ट्याखाली जागा आहे का ते आधी बघा. अंबाडा वर बांधून त्यावर हेल्मेट चढवलं तर ते पुढे कलंडतं.

चक्रधर_सो
घालून बघताना तीन गोष्टी. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. डोळे वर केले की कड दिसली पाहिजे. मागे सरकवून घातलं की दिसायला ऐटबाज, पण तोंडावर पडलात तर कपाळ उघडं. मग कानांखालचं बक्कल: दोन पट्ट्या कानाच्या पाळीखाली बोटभर अंतरावर मिळून इंग्रजी व्ही झाला पाहिजे. हनुवटीखाली एक बोट जाईल, फार तर दोन. तोंड मोठ्ठं उघडून जांभई दिल्यावर हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर पट्टा सैल आहे.

शेवटी पट्टा न लावता फक्त नॉब आवळून मान खाली घाला आणि हलवा. पडलं तर साइज चुकली.

हिप्परगा_पहाटे
चष्मा असल्याने काही फरक पडतो का?

मोजपट्टी
आता सांगताय! पहिल्या प्रतिसादात विचारायचं राहिलं ते हेच. पडतो. मागचा पट्टा बहुतेक हेल्मेटांत वर-खाली सरकवता येतो, तीन-चार खाचा असतात. तो खाली आणा, डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसू द्या. काड्यांची टोकं त्यावर टेकता कामा नयेत, नाहीतर कानामागे दुखायला लागतं आणि दोष पुन्हा हेल्मेटला. काड्या हनुवटीच्या पट्ट्यांच्या वरून येऊ द्या, आतून नको. दुकानात चष्मा लावूनच घालून बघा.

उपरणं
उन्हासाठी सोपा उपाय: डोक्याला आपला सोलापुरी टॉवेल ओला करून बांधायचा, वर हेल्मेट. थंडगार.

शून्य_गियर
मग एल बरोबर बसंल की मालक.

चक्रधर_सो
बसेल, पण चालणार नाही. जाड टॉवेल दाबला जातो, ओला असला तर सरकतो, आणि आपटताना हेल्मेट जागेवर राहत नाही. आत घालायचंच तर सुती कापडाचा एकच पातळ थर, किंवा सायकलची पातळ टोपी. टोपी घालूनच पुन्हा पट्टे जुळवा.

हवेचं म्हणाल तर छिद्रं मोजू नका. पुढच्या छिद्रांतून मागच्यांपर्यंत आत खोल नाली आहे का बघा. हवा शिरली आणि बाहेर पडायला वाट नसली तर उपयोग शून्य. वरून सपाट, मोजकी छिद्रं असलेली एरो हेल्मेटं शर्यतीच्या वेगाला ठीक. ताशी १५-१८ किमीला, आपल्या उन्हात, आत भट्टी. गोल स्केटिंगवाली शहरात छान दिसतात, पण त्यांचंही तेच. कपाळावरच्या गाद्या वेल्क्रोने निघतात. आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, मिठाने कडक झालेली गादी कपाळ खरवडते. कवचाला पेट्रोल, थिनर लावू नका. थर्माकोल विरघळतो. आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे ठेवू नका, आत फुगे येतात.

दिवाबत्ती
रंगाबद्दल कोणीच बोललं नाही. पहाटे काळं नको.

अंबाडा
पिवळा-हिरवा फ्लोरोसंट दिवसा उठून दिसतो. अंधारात त्याचा उपयोग नाही, तिथे परावर्तक पट्टीच लागते. दिसायला बरं म्हणाल तर एममध्ये मॅट पांढरं किंवा राखाडी, कवच कानशिलांलगत उतरणारं, पट्ट्या बारीक. पुढे टोपीसारखा व्हायझर असेल तर तो निघणारा हवा, वाकून चालवताना आड येतो. नवा रंग घरी मारू नका, थिनरचंच कारण.

सातरस्ता
नेदरलँड्समध्ये कोण घालतं हेल्मेट? सगळं मार्केटिंग.

भाकरी_कडक
तिथे सायकलला स्वतंत्र रस्ते आहेत. आपल्याकडे सायकलच्या वाटेवर केळीची गाडी. २००३ साली पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा व्यावसायिक सायकलपटू डोक्याला मार लागून गेला, त्याच वर्षी यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं. तोवर तेही "गरम होतं" म्हणून घालत नव्हते.

हिप्परगा_पहाटे
भांडा नंतर. बाजारात दोन मिळाली एममध्ये. एक हजाराच्या आत आहे, त्यावर फक्त "सीई" आणि काहीच नाही. आत स्पंज. घेऊ का?

मोजपट्टी
नको. सीई ही युरोपातल्या विक्रीची खूण. नुसत्या सीईला अर्थ नाही, पुढे ईएन १०७८ हवं. स्टिकरवर साइज सेंमीत, वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि बनल्याचं वर्ष-महिना असतो. गादी उचलून बघा. खाली अंगठ्याने दाबून दबणार नाही असा घट्ट थर्माकोल सगळीकडे हवा, दोन सेंमीच्या आसपास. प्लॅस्टिकच्या वाटीला नुसता स्पंज चिकटवलेला असेल तर ते खेळणं. दुसरं कुठलं?

हिप्परगा_पहाटे
दुसऱ्यावर ईएन १०७८ आहे, ५५-५९, २९० ग्रॅम, निळसर राखाडी. चष्म्यासकट वीस मिनिटं घालून फिरलो दुकानात. रेघ नाही उमटली. मान हलवल्यावर पडलं नाही. मिप्स नाही. घेतलं. जुनं एल भावाला देऊ का? त्याचा घेर ५९.

चक्रधर_सो
कधी आपटलेलं नसेल तर द्या. गाद्या काढून थर्माकोलला केसासारखी चीर आहे का ते उजेडात बघा, हलकं पिळून करकर आवाज येतो का ऐका. बनल्याचं वर्ष बघा. पाच ते दहा वर्षांत बदला, असं सीपीएससी म्हणते. उन्हात जास्त राहिलेलं असेल तर दहाची वाट बघू नका.

नवी_पेठ
मला सहा वर्षांच्या मुलीसाठी हवंय, तेवढं सांगा कोणीतरी.

अंबाडा
तिचाही घेर आधी मोजा, वयावरून घेऊ नका, "वाढत्या अंगाचं" मोठं तर मुळीच नको. लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आहे. त्याचं बक्कल जोरात ओढ बसली की सुटतं, म्हणजे खेळताना पट्टा कुठे अडकला तर गळफास बसत नाही. फक्त सायकलवर घालणार असेल तर १०७८ चालेल, पण सायकलवरून उतरून झोपाळ्या-घसरगुंडीकडे पळाली की आधी हेल्मेट काढायचं. बक्कल लावताना हनुवटीची कातडी चिमटते, तिथे बोट मध्ये घालून लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती घालायलाच तयार होणार नाही.