शब्दचर्चा : ‘स्थानबद्ध’ म्हणजे अटकच ना?

मुद्रितशोधक : ‘सराईत गुंडास अटक, वर्षभरासाठी स्थानबद्ध’ असा मथळा आणि खाली मजकुरात ‘तडीपार’. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

काळा कोट : मुळीच नाही. अटक होते ती घडलेल्या, निदान घडल्याचा संशय असलेल्या गुन्ह्यासाठी. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं, वकील देता येतो, जामीन मागता येतो. स्थानबद्ध करतात ते ‘पुढे काहीतरी करील’ म्हणून. संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये दोन्ही शब्द वेगळे आहेत आणि चोवीस तासांचा नियम प्रतिबंधक स्थानबद्धतेला लागू नाही, हेही तिथेच लिहिलंय. त्यामुळे ‘स्थानबद्ध गुंडाचा जामीन फेटाळला’ हे वाक्यच फसलेलं. त्या आदेशावर जामीन नसतोच.

महाराष्ट्रात गुंडांवरचे असे आदेश सहसा 1981 च्या एमपीडीए, म्हणजे घातक कृत्यांना आळा घालणाऱ्या, कायद्याखाली निघतात. त्याच्या लांबलचक नावात झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती आणि नंतर घातलेले वाळू तस्करही आहेत. आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात. 12 दिवसांत शासनाने मंजुरी दिली नाही तर तो गळून पडतो. कारणं 5 दिवसांत लेखी द्यायची, प्रकरण 3 आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे पाठवायचं, मंडळाचा अहवाल स्थानबद्धतेपासून 7 आठवड्यांत. कमाल मुदत 12 महिने. मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क नाही. हाती उरतं ते अभिवेदन, म्हणजे आदेशाविरुद्ध लेखी म्हणणं, आणि उच्च न्यायालयातली बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) याचिका, म्हणजे डांबून ठेवणं बेकायदा आहे, सोडा, असा अर्ज.

शब्दवेल : ‘स्थानबद्ध’ हा शब्द कानाला फार सौम्य लागतो. स्थानी बद्ध, म्हणजे घरीच बसवलेला, अशी समजूत होते. ती झाली नजरकैद. स्थानबद्धाची रवानगी कारागृहातच होते.

‘तडीपार’ची गंमत वेगळी. तड म्हणजे काठ, ‘काम तडीस नेणे’मधलीच. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. कायद्यातला शब्द ‘हद्दपार’. तो माणूस तुरुंगात नसतो, फक्त ठरवलेल्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही.

काळा कोट : महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 55 ते 57. मुदत जास्तीत जास्त 2 वर्षं, आधी नोटीस, आदेशानंतर 30 दिवसांत शासनाकडे अपील. इथे आदेश कोसळतात ते दोन ठिकाणी. कृत्यं एका तालुक्यातली आणि हद्दपारी चार जिल्ह्यांतून, पण का ते लिहिलेलंच नसतं. किंवा सरसकट 2 वर्षं ठोकलेली असतात, तीही विनाकारण.

मुद्रितशोधक : आणि ‘कायदा व सुव्यवस्था धोक्यात आल्याने स्थानबद्ध’?

काळा कोट : असं आदेशातच लिहिलं तर स्थानबद्धाच्या वकिलाचं निम्मं काम झालं! एमपीडीएला ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’ला धोका लागतो. राममनोहर लोहियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये तीन वर्तुळं सांगितली : सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोघांची वैयक्तिक मारामारी पहिल्या वर्तुळात मोडते. तिने वस्तीचा रोजचा व्यवहार विस्कटला तरच दुसऱ्यात. आदेश रद्द होण्याची नेहमीची कारणं आणखीही आहेत : शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत विनाखुलासा महिने गेलेले, कागदपत्रं स्थानबद्धाला न कळणाऱ्या भाषेत, अभिवेदन फायलीत पडून. मात्र निकाल येईतो वर्षातले बरेच महिने आत निघून गेलेले असतात.

शब्दवेल : फसव्या शब्दांच्या यादीत ‘बेकायदेशीर कृत्य’ही घाला. बोलीत त्याचा अर्थ कायद्याने मना असलेलं काम. विधानसभेने 10 जुलै 2025 रोजी मंजूर केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकात तो शब्द पारिभाषिक आहे. सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असणारं, प्रस्थापित कायदा न पाळण्याला उत्तेजन देणारं कृत्यही त्यात येतं, मग ते बोलून, लिहून किंवा खुणेने का केलेलं असेना. ‘संघटना’ही तशीच सैल : नाव नको, नोंदणी नको, घटना नको.

काळा कोट : या विधेयकावरच्या आक्षेपाचं मूळ त्या ‘कल असणे’मध्ये आहे. अडथळा झाला का, हे पुराव्याने दाखवता येतं. कल मोजायचा कशाने? सत्याग्रह म्हणजे तरी कायदा मोडायचं आवाहनच. विधिमंडळाच्या संयुक्त समितीने ‘व्यक्ती’ वगळून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ अशी चौकट घातली, पण त्यातला ‘तत्सम’ पुन्हा उघडाच. बेकायदेशीर ठरवलेल्या अशा संघटनेचं सदस्यत्व म्हणजे 3 वर्षांपर्यंत कैद आणि 3 लाखांपर्यंत दंड. कृत्याला 7 वर्षं आणि 5 लाखांपर्यंत. गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र.

मुद्रितशोधक : म्हणजे जामीन मिळतच नाही?

काळा कोट : मिळतो. ‘अजामीनपात्र’चा अर्थ एवढाच की जामीन हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकावर असतो. खरी अडवणूक मकोकाच्या (बोलीत ‘मोक्का’, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) कलम 21(4) मध्ये आहे : आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, असं मानायला वाजवी कारण न्यायाधीशाला दिसावं लागतं. ‘मोक्का लागला’ आणि ‘अजामीनपात्र गुन्हा दाखल’ यांत एवढं अंतर आहे. तुमचा मथळा असा करा : ‘सराईत गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध’. ‘वर्षभरासाठी’ काढा, शासनाची मंजुरी आणि मंडळाचा अहवाल अजून यायचाय.