बचत गटाची वही आणि दोन क्रेडिट: समाजकार्य अभ्यासक्रमात हवं का?

खतावणी (धागाकर्ती):
नव्या शैक्षणिक धोरणामुळे आमच्या बी.कॉम.ला यंदा 'कम्युनिटी एंगेजमेंट' आलं, म्हणजे लोकांत जाऊन करायचं काम. दोन क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे गुणांक), साठ तास. मी अकाउंटन्सी शिकवते, म्हणून मुलांना जवळच्या गावातल्या महिला बचत गटाकडे नेलं. बारा जणी, महिना शंभर रुपये. वही उघडली तर मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात. वर्गात कीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) आणि खतावणी (प्रत्येकाचं वेगळं खातं) पाठ असलेली मुलं पहिला अख्खा दिवस नुसती बघत बसली. तिसऱ्या शनिवारी एका मुलीने प्रत्येकीचं कर्जखातं वेगळं काढलं, तेव्हा कळलं की अध्यक्षबाईंचं कर्ज दोन महिन्यांपूर्वीच फिटलंय, आणि त्या अजून हप्ते भरतायत! ती मुलगी आता खतावणी विसरणार नाही. असं काम अभ्यासक्रमातच हवं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

चक्रपाणी:
मॅडम, तुमचं काम चांगलंच आहे, पण सक्तीला माझा विरोध आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. मी स्वतः दोन वर्षं त्यात होतो. वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर, पण नाव आम्ही आपणहून दिलं होतं. सगळ्यांनाच क्रेडिट लावलं की झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइली मिळायला लागतात. मी पाहिल्यात, फक्त नाव बदलायचं. आणि कॉलेज सुटल्यावर रात्री दहापर्यंत मेडिकलच्या काउंटरवर उभा राहणारा मुलगा हे साठ तास कुठून काढणार? त्याच्या घरची सेवा कुणी मोजायची?

शिवारातली:
मी कृषी पदवीधर. आमच्याकडे कार्यानुभव सक्तीचाच असतो. सातव्या सत्रात गावात जाऊन राहायचं. पेपरात 'कृषिकन्या' म्हणून फोटो येतात ना, त्याच आम्ही. देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला होता. एक आजी आल्या, आम्ही काढलेला ओढा हाताने पुसला आणि देवळाच्या मागून काढून दाखवला. आम्ही आठवडाभर त्या ओढ्यावरून जात होतो! पेरणीच्या तोंडावर घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली. सत्तरच्या वर कोंब आले तर बियाणं पेरायला चालतं. एका काकांचे जेमतेम पन्नास आले. पेरणी वाया गेली असती, ती वाचली. सक्ती नसती तर मी गेलेच नसते, हे खरं सांगते.

ओढ्याकाठचा:
मी त्या गावातला, जिथे तुम्ही येता. दरवर्षी नवी मुलं फॉर्म घेऊन येतात. शौचालय आहे का, गॅस आहे का, घरात शिकलेलं कोण. माझ्या आईने चार वर्षांत चारदा तीच उत्तरं दिली. एकही कागद गावात परत आला नाही. मागे एका कॉलेजने शिबिरात वनराई बंधारा बांधला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात रचायचा, काम सोपं आहे. पण शिबिर परीक्षा संपल्यावर, जानेवारीत. तोवर ओढा आटलेला! अडवायचं काय? मुलं मनापासून राबली, त्यांच्या हाताला फोड आले, याचं जास्त वाईट वाटलं. काम गावाच्या वेळापत्रकाने होणार नसेल तर आम्हाला ते नको.

खतावणी:
दादा, हे मला लागलं. आमच्या मुलांनी वह्या दुरुस्त केल्या, पण गटासमोर हिशेब वाचून दाखवलाच नाही. येत्या मासिक सभेत दाखवू. निम्मे गुण त्या बाराजणींनीच द्यावेत, असं मी विभागात मांडते. चक्रपाणी सर, साठ तास शनिवारच्या तासिकांमध्येच बसवलेत, कॉलेजच्या वेळेबाहेर कुणालाच बोलावत नाही. फाइल मात्र बंदच व्हायला हवी, तिथे मी तुमच्या बाजूची.

चक्रपाणी:
शनिवारी असेल तर माझा अर्धा आक्षेप गेला. सक्तीचा अजून आहे. ज्याला नको त्याला दुसरा पर्याय हवाच.

शिवारातली:
सर, पर्याय दिला की सगळे तोच घेतील.

ओढ्याकाठचा:
मॅडम, आमच्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी असतं. गोण्या आम्ही जमवून ठेवतो. मुलं त्याआधी पाठवा.