बंपर आणि काळं प्लास्टिक पांढरट पडलंय: घरातल्या वस्तूंनी काय टिकतं, काय नाही?

कुळागरातली_८००

गाडी १९८९ची मारुती ८००. पांढरी, रंग मूळचाच आणि तो ठीक आहे. घर गोव्यात, पेडण्यात; गाडी दुपारनंतर उन्हातच असते. दोन्ही बंपर राखाडी होऊन त्यावर पांढरी भुकटी धरलीय, बोट फिरवलं तर बोटाला लागते. ग्रिल आणि आरशांची कव्हरं त्याच वाटेवर. दरवाजाच्या हँडलांभोवती मेणाच्या पॉलिशचे पांढरे डाग बसलेत ते वेगळेच.

खोबरेल लावलं की दोन दिवस काळंभोर दिसतं आणि पहिल्या सरीत पांढऱ्या रंगावर ओघळ येतात. बूट पॉलिश, डिझेल, अळशीचं तेल, हीट गन असे चार सल्ले मिळालेत. मूळचे बंपर बदलायचे नाहीत. घरात, किराण्याच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळेल त्यातूनच करायचं आहे. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, गाडी बरी दिसली पाहिजे.

---

खारी_हवा

आधी काय बिघडलंय ते बघू, म्हणजे चारपैकी तीन सल्ले आपोआप गळतील.

त्या काळचे बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे. काळा रंग वरून मारलेला नसतो, काजळी आत मिसळलेली असते. त्यामुळे रंग ‘उडालेला’ नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या पातळ थरातल्या साखळ्या तुटतात, थर भुसभुशीत होतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. त्या भेगांवर उजेड विखुरतो म्हणून प्लास्टिक पांढरट दिसतं. ओली पाटी काळी आणि वाळलेली पाटी राखाडी दिसते, तसंच. कुठलंही तेल भेगा भरतं म्हणून काळं दिसतं. प्रश्न एवढाच की ते भेगेत किती दिवस राहतं.

खोबरेल कधीच सुकत नाही. पाणी लागलं की ओघळतं, सुकं असलं की लाल धूळ पकडतं. शिवाय ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बंपरवर पांढरे ठिपके दिसणार. डिझेल तर नकोच. प्लास्टिकला फार काही होणार नाही, पण शेजारची रबरं फुगतात. बूट पॉलिश म्हणजे मेण, द्रावक आणि रंग. काळ्या गाडीवर एक वेळ चालेल, पांढऱ्या गाडीवर पावसात काळे ओघळ, आणि टेकून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या कपड्यांवरही.

खरं काम साफसफाईचं आहे आणि लोक तेच उरकून टाकतात. गाडी सावलीत, प्लास्टिक थंड असताना:

१) एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड एक चमचा, म्हणजे ५ मिली. नायलॉनच्या ब्रशने गोल फिरवत घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मग हेच पुन्हा. पहिल्या खेपेत धूळ आणि मीठ निघतं, दुसऱ्या खेपेत जुनं खोबरेल. लिक्विड जास्त घालून उपयोग नाही, दाणेदार पोतात साबण अडकतो आणि नंतर तोच पांढरा दिसतो.

२) मेणाच्या डागांवर आधी शाळेतला साधा खोडरबर चालवा. गंमत वाटेल, पण पोताच्या खळग्यात सुकलेलं मेण तोच उचलतो. उरलं तर तीन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा पाणी यांची लापशी, जुना टूथब्रश, हलका हात. सोडा रंगावर रगडू नका, बारीक का होईना तो घासतोच.

३) कोपऱ्यात हिरवट-काळी बुरशी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात, दहा मिनिटं, मग धुणं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका. क्लोरीन वायू निघतो.

४) केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसा. कापड थोडं काळं येणारच, तो मेलेला थर आहे. मात्र कापड तेलकट येत असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

५) कडक उन्हात निदान तीन-चार तास वाळवा. पोतात आणि बंपरच्या वरच्या कडेच्या आत पाणी दडून बसतं. आपल्याकडच्या दमट हवेत हात लावून कोरडं वाटणं आणि खरोखर कोरडं असणं यात बराच फरक असतो.

तपासायचं असेल तर पाण्याचा थेंब टाका. गोळा होऊन घरंगळला तर तेल-मेण अजून आहे. पसरून बसला तर पुढे जा.

---

फोंडेकर_टिंकर

वरच्याने तयारी नीट सांगितलीय. आता चौथा सल्ला, अळशीचं तेल. चौघांत कामाचं तेवढंच, पण अर्धवट माहितीने केलं तर तेच सगळ्यात धोक्याचं.

अळशीचं (जवसाचं) तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्याची पापडी धरते. म्हणून ते भेगेतून धुऊन जात नाही. चटणी-फोडणीचं कच्चं तेल घेऊ नका, ते सुकायला कित्येक दिवस घेतं आणि तोवर चिकट राहून केस, धूळ, मच्छर सगळं गोळा करतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मागा. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात.

दोन बंपर, ग्रिल आणि आरसे मिळून ४० मिली पुष्कळ झालं. पहिल्या हाताला तीन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. पातळ असलं की भेगेत शिरतं. रंगाच्या कडेने मास्किंग टेप लावा, कारण पांढऱ्या रंगावर हे तेल पिवळं पडतं आणि सुकल्यावर सुखासुखी निघत नाही. कापडाची छोटी पुरचुंडी करून लावा, १५ ते २० मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडाने सगळं पुसून काढा, काही लावलंच नाही असं वाटेपर्यंत. जे भेगेत गेलं तेच हवंय. वर राहिलेलं तेल चिकट, सुरकुतलेली साय होतं आणि ती साबणाने निघत नाही, टर्पेंटाइनने खरवडत बसावं लागतं. कोरड्या हवेत एक ते दोन दिवसांनी दुसरा हात, तोही तसाच पुसून.

आता चिंध्या. अळशीच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. काडी-ठिणगी काही लागत नाही. तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि वाढत जाते. चिंध्या एकेक पसरून बाहेर दगडावर किंवा गडग्यावर कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. सुक्या पातेऱ्याच्या ढिगाजवळ तर अजिबात नको.

गोव्यात याचा एक तोटा आहे तो परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत: दमट हवेत हे तेल सावकाश सुकतं आणि अळशीवर बुरशी आवडीने वाढते. जूनमध्ये लावलं तर महिन्याभरात काळे-हिरवे ठिपके येऊ शकतात. म्हणून ऑक्टोबर ते मे. चवथीच्या आधी हे काम काढू नका.

---

कुळागरातली_८००

म्हणजे चवथीला राखाडीच? आणि हीट गनचं काय? एक जण म्हणतो हेअर ड्रायरनेही होतं.

---

खारी_हवा

हेअर ड्रायरने होत नाही. पॉलिप्रॉपिलीन वितळतं साधारण १६० अंशांच्या पुढे, ड्रायरच्या हवेने बंपरचा पृष्ठभाग तिथवर जात नाही. हीट गनने मात्र होतं, आणि जादूसारखं होतं. भुसभुशीत थर क्षणभर वितळून सपाट झाला की उजेड विखुरणं थांबतं आणि काळा रंग परत दिसतो.

तरी माझं मत विरोधात आहे. एक, प्लास्टिकमध्ये उन्हापासून वाचवणारी जी द्रव्यं मुळात घातलेली असतात ती या वयात जवळजवळ संपलेली, त्यामुळे वितळवलेला नवा थर पहिल्यापेक्षा लवकर पांढरा पडतो. दर खेपेला फरक कमी दिसतो. दोन, या बंपरवर बारीक दाणेदार पोत आहे. गन एका जागी दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळली की तिथे दाणा विरघळून चकचकीत चट्टा पडतो, आणि तो दाणा परत आणता येत नाही. मूळचे बंपर राखायचेत म्हणता, मग हा जुगार कशाला?

करायचंच असेल तर बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर आधी करून बघा. गन ८ ते १० सेंटिमीटरवर, हात सतत चालता. रंगाजवळच्या कडेला नको. आधी खोबरेल पूर्ण निघालेलं हवं, नाहीतर धूर. आरशांच्या कव्हरांवर तर मुळीच नको, ती बऱ्याचदा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची असतात आणि वाकडी होतात.

कुठलं प्लास्टिक ते ओळखायला आतल्या बाजूने नखभर पापुद्रा कापा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. एबीएस असेल तर थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर काही लावू नका, पृष्ठभाग विरघळतो किंवा तडकतो.

चवथीसाठी सोपा तोड आहे: ग्लिसरीन. केमिस्टकडचं, एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी. स्वच्छ केलेल्या बंपरवर पातळ हात, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसा. अळशीइतकं काळं नाही होणार, पण राखाडी जाऊन गडद दिसेल. पहिल्या पावसात वाहून जाईल आणि हाच त्याचा गुण. ते पाण्यात विरघळतं म्हणून मागे थर सोडत नाही, रंगावर डाग नाही, आणि ऑक्टोबरात अळशी लावताना आड येत नाही. सकाळी बाहेर निघायच्या आधी पाच मिनिटांचं काम. ज्यांना दिवसभर टिकायला हवं ते सिलिकॉन स्प्रेकडे वळतात. पण पुढेमागे गाडीला नवा रंग द्यायचा विचार असेल तर सिलिकॉन उडवू नका. त्याचा अंश राहिला की नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि पेंटर तुमच्या नावाने ओरडतो.

---

पद्मिनी_म्हापसा

मध्येच विचारतो. माझ्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी. प्लास्टिक जवळजवळ नाहीच, पण बंपरच्या क्रोमवर गंजाचे ठिपके आणि बाजूच्या पट्ट्या मळकट. फॉइल आणि व्हिनेगर दोन्हीला चालेल का? आणि काचेभोवतीची रबरं?

---

फोंडेकर_टिंकर

दोन्हीला नाही, म्हणून आधी लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर बहुतेक पोलादावरचं क्रोम. चिकटलाच नाही तर बहुतेक ॲल्युमिनियम, किंवा स्टेनलेस.

पोलादावरच्या क्रोमला फॉइल उत्तम. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा साध्या पाण्यात किंवा पाणी-व्हिनेगर सम प्रमाणात बुडवून हलक्या हाताने घासा. क्रोम ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोमवर ओरखडा उठत नाही. तपकिरी चिखल येईल तो पुसत राहा. झालं की सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल मारा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी मेण लावा. ठिपक्यांच्या जागी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. तिथे क्रोम आणि त्याखालचं निकेल फुटलेलं आहे, ते घासून भरत नाही. खाऱ्या हवेत दर महिन्याला मेण लावलंत तर पसरत नाही, एवढंच हातात आहे. क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल तर घासू नका, तो प्लेटिंगवाल्याचा विषय.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बहुधा ॲनोडायझिंग, म्हणजे मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर असतो. मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की वाजतो त्या खुणेवर) लावून दोन्ही टोकं अलगद टेकवा. वाजला नाही तर थर शाबूत आहे, कारण तो वीज नेत नाही. अशा पट्टीला फक्त साबण-पाणी आणि मेण. फॉइल, तारेची घासणी, पितळ घासायची पावडर, चिंच काही नको, आणि कॉस्टिक असलेला ओव्हन किंवा नळ साफ करायचा द्रव तर थर मिनिटांत खातो. पट्टी वाजलीच, म्हणजे थर गेलेलाच आहे, तर मेटल पॉलिशने चमकवा आणि वर मेण.

रबरांना खनिज तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही नको, फुगून मऊ होतात. ग्लिसरीन-पाणी हातानेच चोळा. दरवाजाच्या रबराला मात्र ग्लिसरीनपेक्षा टाल्कम पावडर बरी. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात त्या ओलीखालचा पत्रा गंजायला वेळ लागत नाही. पावडर कोरडी राहते, रबर पत्र्याला चिकटत नाही.

---

कुळागरातली_८००

पापुद्रा टाकून बघितला. बंपरचा तरंगला, आरशाचा बुडाला. मग आरशांना अळशी चालेल का, आणि दसऱ्याला लावलं तर पुन्हा कधी?

---

खारी_हवा

एबीएसला अळशी चालते, टर्पेंटाइन मात्र नको. आरशांना नुसतं तेल, अगदी पातळ. टर्पेंटाइन मिसळलेली वाटी बंपरपुरतीच ठेवा, नाहीतर उरलंसुरलं आरशांना लावायचा मोह होतो.

पुन्हा लावायची तारीख कॅलेंडरवर ठरवू नका. धुतल्यावर थेंब टाका. गोळा होतोय तोवर हात लावायची गरज नाही. बंपरच्या वरच्या, आभाळाकडे बघणाऱ्या कडेवर तो आधी पसरायला लागेल, उभी बाजू नंतर. त्या कडेलाच तेवढा एक हात द्या, पूर्ण बंपरवर थरावर थर चढवलेत की पिवळट साय दिसायला लागते. आणि दसऱ्याला पाऊस रेंगाळला असेल तर दिवाळीपर्यंत थांबा.




फोंडेकर_टिंकर

आणि चिंध्या पसरून वाळवा.